तुलनेचं रान

पासली,
२० जुलै २०२५

प्रिय आक्का,

मंगलचा नमस्कार. तुझ्या गुडघ्यांना आणि दाजींच्या खोकल्याला उतार पडला असेल असं धरून चालते. इकडे पावसानं ठाण मांडलंय, कपडे चुलीवर वाळतायत, आणि माणसं-गुरं सगळी धडधाकट आहेत. फोन करत नाही म्हणून रुसू नकोस. तुला फोनवर ऐकू येत नाही, आणि मी ओरडून सांगायला लागले की शेजारच्या पडवीत सोनिया भांडी घासायची थांबते. पत्र बरं. टेम्पोवाला उद्या नसरापूरला जाणार आहे, तो टपालात टाकेल.

भाताची लावणी उरकली. कमरेचा पार काटा ढिला झालाय. पोरगं पुण्याहून गणपतीला येतो म्हणालंय, आलं म्हणजे खरं.

तू विचारलंस, ती भोरची पोरगी अजून आहे का. आहे. वैदेही. गवताचा अभ्यास करून डॉक्टर होणार आहे, सुई टोचणारी नव्हे, पुस्तकातली. गेल्या वर्षीच्या उन्हाळ्यात आली. आमचं डोंगरउताराचं वरकस रान वाटणीत उभं चिरलं ते तुला माहीत आहे. एक पट्टा आमचा, शेजारचा धाकट्या दिरांचा, म्हणजे सोनियाचा, मध्ये दगडांची ओळ. तिला असेच जुळे पट्टे पाहिजे होते. एकात आडवे चर खणायचे, मारवेल गवताचे ठोंब लावायचे आणि दसरा होईपर्यंत एक जनावर आत सोडायचं नाही. दुसऱ्यात काहीच करायचं नाही. गुरं चरतील तशी चरू द्यायची, पाणी वाहील तसं वाहू द्यायचं. मग दोन पावसाळे माती किती वाहते आणि गवत किती येतं ते मोजायचं. कुणाला काय मिळणार ते चिठ्ठ्या टाकून ठरलं. गेनबा वाडीत वयानं सगळ्यात मोठे म्हणून त्यांनी पेल्यात हात घातला. चर आणि मारवेल सोनियाला आलं. काहीच नाही ते मला आलं.

मी विचारलं, “मग म्या काय करायचं?” तर वैदेही हसून म्हणाली, “काकू, तुम्ही काहीच करायचं नाही. तेच तुमचं काम.”

आक्का, सासरी आल्यापासून काम करू नको असं मला पहिल्यांदाच कुणी सांगितलं, आणि मला ते मुस्काटात मारल्यासारखं लागलं.

आणि ऐक, मला काकू, सोनियाला ताई. ती काही माझ्याहून फार लहान नाही. पण वैदेही उतरते तिच्या घरी, नाचणीची भाकरी खाते तिच्या हातची, केसाला तेल लावून घेते तिच्याकडून. माझ्या दारात येते ती टेप हातात घेऊन, आणि टेप गुंडाळला की जाते. एकदा मी मुद्दाम शेवग्याच्या शेंगांची आमटी केली, तर म्हणाली, “काकू, सोनियाताईंकडे पान वाढलंय.” आमटी गाईला घातली.

दोन्ही पट्ट्यांच्या पायथ्याला तिनं सिमेंटचे हौद बांधलेत. मोठी सर येऊन गेली की हौदातलं पाणी बाटलीत भरते आणि समाजमंदिराच्या फळीवर ओळीनं मांडते. सोनियाच्या बाटलीतून पलीकडची भिंत दिसते. माझ्या बाटलीत चहा. खाली बोटभर लाल गाळ. वर चिठ्ठी चिकटवलेली, ‘तुलना’. गावात म्हणतात मंगलचं पाणी. बाहेरून साहेब येतात, बचत गटाच्या बाया येतात, सगळ्यांना आधी ती बाटली हलवून दाखवतात. किकवीच्या बायाही येऊन गेल्या, तुझ्या शेजारची फुलाबाई त्यांच्यातच होती. ती मला म्हणाली, “काय गं मंगल, तुमी लक्ष देत न्हाई व्हय रानाकडं?” तू तिला सांग, मला लक्ष द्यायला बंदी आहे म्हणून.

बाकी विशेष काही नाही. तुझ्याकडचा तो हिरवा मलम असला तर कुणाच्या हाती पाठव. बोटं चिरलीत. पावसापाण्यात कापतच असतं काही ना काही. हे परवा विचारत होते, गुरं आपल्या रानात न सोडता ओढ्यापलीकडे का नेतेस. मी म्हटलं, आपल्यात कुसळ फार झालंय, जनावरांच्या तोंडाला टोचतं. त्यांनी मान हलवली. फार प्रश्न विचारत नाहीत हा एक गुण आहे त्यांच्यात.

तब्येतीला जप.

तुझी,
मंगल


पासली,
२४ सप्टेंबर २०२५

प्रिय आक्का,

मलम पोचला, तुझं पत्रही पोचलं. वाकड्या अक्षरात एकच ओळ, ‘बोटं कशानं चिरली ते लिही.’ लहानपणी चिंचा खाऊन आले की माझी जीभ बाहेर काढून बघायचीस, तशीच राहिलीस.

लिहिते. मारवेलचं पातं धारेचं असतं. ठोंब उपटताना बोटं कापतात.

तू लगेच चोरी म्हणशील. दर ठोंबाला ढीगभर फुटवे असतात, त्यातले चार काढले तर ठोंबाला कळतही नाही. सोनिया वेल्ह्याला बाजाराला गेली की मी प्लास्टिकचा कागद डोक्यावर घ्यायची आणि दगडांची ओळ ओलांडायची. धो धो पावसात डोंगरावर कुत्रंसुद्धा नसतं. ओटीत भरून आणायचे आणि माझ्या पट्ट्यात लावायचे. आडवे दगडही रचले, गवतात दिसणार नाहीत इतके बुटके. वैदेही कापणीपर्यंत पट्ट्यात पाय ठेवत नाही, गवत तुडवलं जाऊ नये म्हणून तसा त्यांचा नियमच आहे. ती हौदापाशीच येते आणि तिथूनच परत जाते.

मला काय वाटलं होतं सांगू? वाटलं, पोरीला आनंद होईल. एकीला शिकवलं आणि दुसरीनं बघून केलं, याहून मास्तरला काय पाहिजे? दोन्ही बाटल्या स्वच्छ दिसल्या की ती धावत येईल, म्हणेल, काकू, हे कसं केलंत? आणि मग मी तिला पाटावर बसवून सांगीन. रोज हेच मनात घोळवत मी चिखलात उभी असायची.

गणपतीच्या आधी मोठा पाऊस झाला. माझ्या हौदातलं पाणी, आक्का, निवळीसारखं. मी तिथंच उभी होते. वैदेहीनं बाटली भरली, उजेडात धरली, ओतून दिली. पुन्हा धुऊन भरली. मग हौदाला कुठं भेग पडली का ते चाचपत बसली. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. त्या दिवशी ती जेवली नाही, हे मला भिंतीपलीकडून कळलं. तिकडचं सगळं कळतं मला. कान तिकडेच असतात, लपवू कशाला.

सोनियाला ती सांगत होती. जिथं काही केलं नाही तिथलंही पाणी निवळ आलं, तर याचा अर्थ चर आणि गवत लावून काही फरक पडला नाही. तिच्या सरांनी आकडे बघून तसंच म्हटलंय. ते दसऱ्यानंतर कापणीला येणार, आणि त्यावर अहवाल जाणार. अहवाल चांगला गेला असता तर आपल्या वाडीवरचा सगळा डोंगर असाच चर खणून, गवत लावून देणार होते. पाणी डोंगरात मुरलं असतं, तर वरचा झरा होळीला आटतो तो कदाचित पुढे टिकला असता. आता नुसतं सोडून दिलं तरी रान सुधारतं असं दिसतंय, मग सरकार चर कशाला खणेल? पोरगी रडत होती. सोनिया तिला “उगी, उगी” करत होती.

मी भिंतीला पाठ लावून बसले. मे महिन्यात खालच्या विहिरीवरून हंडे वाहणाऱ्यांत मीच आहे, सोनिया आहे, सगळ्याच आहोत. आणि माझ्या मनात पहिल्यांदा काय आलं असेल? हंडा नाही. आलं ते हे, की रडायला तिला सोनियाचीच मांडी मिळाली.

उठून सांगायचं होतं एवढंच. चार शब्द. पण सांगितलं की सोनियाचं रान ते रान, आणि मी तिच्या रानात शिरलेली चोर. हे ऐकून तिच्या तोंडावर जे येईल ते मला बघायचं नाही. तू म्हणशील, जळतेस. हो, जळते. ती लग्न होऊन आली तेव्हापासून जळते. तिच्या हाताला सगळं लागतं. तिचं दही लागतं, तिची गाय लागते, परकी पोरगी आली तीही तिलाच लागली. मी जास्त राबते आणि ते कुणाला दिसत नाही.

सल्ला देऊ नकोस. फक्त वाचलंस असं कळव.

मंगल


पासली,
१६ ऑक्टोबर २०२५

प्रिय आक्का,

तू सल्ला न देता नुसतं ‘वाचलं’ एवढंच लिहिलंस. त्यापेक्षा चार शिव्या दिल्या असत्यास तर बरं झालं असतं.

नातवाच्या बारशाचं आवतण मिळालं. दोघींनाही बोलावलंयस, मला आणि सोनियाला. त्याबद्दल शेवटी लिहिते, आधी कापणीचं ऐक.

सर परवा आले. म्हातारे आहेत, उन्हाची टोपी घालतात, बोलताना माणसाकडे न बघता गवताकडे बघतात. निम्मी वाडी वर जमली होती. वैदेहीचं तोंड उतरलेलं. लोखंडी चौकट जमिनीवर टाकायची, तिच्या आतलं गवत मुळाशी कापायचं आणि तोलायचं, अशी मोजणी असते. आधी सोनियाच्या पट्ट्यात झाली. मग माझ्या. आमचं रान म्हणून आमचे हेच विळा घेऊन बसले.

गवत कापून निघालं आणि खाली बुडखे उघडे पडले. सर वाकले, मग खाली बसलेच. त्यांनी हातानं पालापाचोळा बाजूला केला. आक्का, बुडखे ओळीत होते. सारख्या अंतरावर, एकामागे एक, वीत सोडून वीत. मी गवत लावताना अंदाजानं, विस्कटून लावायचं ठरवलं होतं. पण जन्मभर भाताची लावणी केलेला हात आहे. चिखलात वाकले, मागे सरत गेले, आणि हात आपोआप ओळ धरत गेला. मला कळलंही नाही.

सर म्हणाले, “हे आपलं आपण उगवलेलं नाही. हे कुणीतरी लावलंय.”

हे माझ्याकडे बघायला लागले. ओढ्यापलीकडची गुरं त्यांना आता आठवली असणार. माझी मान खाली. वैदेही उभ्या जागी पांढरी पडली.

तेवढ्यात सोनिया पुढे झाली. पदर सावरला आणि म्हणाली, “सर, ठोंब म्या दिलं. जाऊबाईंनी मागितलं, म्या न्हाई म्हनलं न्हाई. मला काय ठावं, त्यानं मोजनी बिघडल.”

वैदेही तिच्याकडे वळली. “सोनियाताई! तुम्हाला किती वेळा समजावलं होतं मी! माझी दोन वर्षं... मला एकदा सांगायचं तरी!”

सोनियानं सगळं ऐकून घेतलं.

आता बघ, मला हेच पाहिजे होतं ना? त्या दोघींचं फाटायला पाहिजे होतं. ते माझ्या डोळ्यांदेखत फाटत होतं, आणि माझ्यावर काही येत नव्हतं. मी मागितलं, तिनं दिलं, चूक तिची. मी गप्प बसायचं होतं फक्त. काहीच करायचं नाही, तेच माझं काम. आणि मी बसलेही असते, खोटं का बोलू? पण मागून गेनबा म्हणाले, “जाव असावी तर अशी बाबा. मागितलं की दिलं. मन लई मोठं.” आणि बाया माना डोलवायला लागल्या.

माझ्या अंगाची लाही लाही झाली. तिनं दिलं? ज्या ठोंबांसाठी मी पावसात भिजले, बोटं चिरून घेतली, तो दगडांचा बांध ओलांडला, ते तिनं दिलेलं दान? म्हणजे माझी चोरीसुद्धा तिच्याच खात्यावर? उद्यापासून वाडीतलं शेंबडं पोर म्हणणार, मंगलच्या रानातलं गवत सोनियाच्या मेहेरबानीचं.

मी ओरडले. “तिनं कुटं दिलं! म्या मागितलंच न्हाई! म्या चोरलं! ती बाजाराला गेली की जाऊन उपटून आनलं, न् म्या एकटीनं लावलं, एकटीनं दगड रचलं! हिचा काडीचा संबंद न्हाई त्यात!”

ह्यांच्या हातातला विळा तसाच राहिला. मग सरांनी पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, “गुरं सोडली होती का आत?” मी म्हटलं, “पावसाळाभर न्हाई.” त्यांनी वैदेहीला बाजूला नेलं, बराच वेळ बोलले, मग सगळ्यांसमोर सांगितलं. माझ्या पट्ट्याची यंदाची मोजणी बाद. मागच्या पावसाळ्याची खरी आहे, ती धरायची, आणि तेव्हा दोन पट्ट्यांत जमीन-अस्मानाचा फरक होता. डोंगरभर काम करावं अशी शिफारस ते लिहिणार आहेत. मंजूर होईल की नाही ते वरचे ठरवतील. वैदेहीला मात्र आणखी एक पावसाळा काढावा लागणार, दुसरीकडे कुठंतरी हात न लावलेला पट्टा शोधून. तिचं वर्ष माझ्यामुळे गेलं. मी हाक मारली तर “नंतर बोलू, काकू,” एवढंच म्हणाली आणि सोनियाच्या गळ्यात पडून माफी मागायला गेली.

आणि माझं रान, जे आता त्या उतारावर सगळ्यात भरघोस दिसतंय, ते बाद. त्यातल्या गवताचं वजनसुद्धा कुणी केलं नाही. आम्हीच भारे बांधून आणलं.

उतरताना मी सोनियाला पायवाटेवर गाठलं. म्हटलं, “खोटं का बोललीस?”

ती म्हणाली, “मला पयल्यापास्नं ठावं व्हतं, जाऊबाई. माज्या हातानं लावल्याली ठोंबं, चार फुटवं कमी झालं तर दिसायचं न्हाई व्हय मला?”

“मग बोलली का न्हाईस? वैदेही रडत व्हती तुज्या पडवीत, तवा का न्हाई सांगितलंस?”

ती थांबली. डोक्यावरचा भारा नीट केला. म्हणाली, “लोकं ती बाटली हलवून दावायची, न् तुमी मागं हुब्या असायचा. तुमचं त्वांड बगवायचं न्हाई मला. म्हनलं, असू दे. येवडं तरी असू दे तुमाला.”

आक्का, कीव. तिला माझी कीव येत होती. दोन महिने ती तिच्या पोरीसारख्या पोरीचं रडं बघत होती आणि माझ्यासाठी तोंड मिटून बसली होती. मी तिला म्हटलं, माझ्या दारात पाय ठेवू नकोस. ती “बरं” म्हणाली. कालपासून ठेवला नाही. सांगितलेलं ऐकते, हाही तिचाच मोठेपणा.

सगळे म्हणतात, मंगल खरं बोलली, हिंमत लागते. कसली हिंमत? गेनबा गप्प बसले असते तर मीही बसले असते, आणि सगळा दोष सोनियाच्या माथी राहिला असता. मी खरं बोलले ते फक्त तिचे उपकार नकोत म्हणून. हे मी इथं कुणाला सांगितलेलं नाही. तुला सांगते, कारण मला जीभ बाहेर काढायला लावणारी तू एकटीच उरलीस.

तर बारशाचं. मी येणार आहे. सोनियाही येईल, तू बोलावलंयस म्हटल्यावर नाही म्हणणार नाही. तिच्याशी चांगलं वाग. तिला साडी नेसव, तिच्या ताटात जास्तीचं वाढ, वाईट वाटून घेणार नाही मी. घेईन, पण दाखवणार नाही. फक्त हळदीकुंकवाच्या वेळी माझ्याकडे आधी ये. मी थोरली जाऊ म्हणून येऊ नकोस, त्या मानानं तर इथं सगळेच येतात, आणि कुंकू लावता लावता नजर सोनियाकडे असते. तू मला शोधत ये. घरभर बाया असतील, मी कोपऱ्यात भांड्यांपाशी बसलेली असेन, तिथं ये, आणि मोठ्यानं विचार, आमची मंगल कुठंय?

तुझी, कुणाच्याही उपकारात नसलेली,
मंगल